ओटिलियाचा नेम

माझ्या सासूचा हात चालायचा. पळीने, पायतणाने, कॉफी परतायच्या दांड्याने, हातात जे सापडेल त्याने. लग्न करून या घरात आले त्याच आठवड्यात मक्याची भाकरी जळली म्हणून तिने माझ्या मनगटावर पळी हाणली. मी तीच पळी हिसकावून तिच्या खांद्यावर परत केली. ती खांदा चोळत म्हणाली, "टिकशील तू इथे, नुबिया." तेव्हापासून आमचं जमलं. जमलं म्हणजे दिवसभर एकमेकींचा उद्धार करायचो आणि रात्री एकाच भांड्यातलं सूप वाढून घ्यायचो.

ओटिलिया बुर्बानो तिचं नाव. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गेलेली. लहानपणी बापाच्या हाताखाली बारुदीच्या पुड्या वळताना ती उडाली. आमच्या डोंगरात तेहो न खेळणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तेहो म्हटलं की पुड्या आल्याच. ओल्या चिकणमातीने भरलेली तिरपी पेटी, मातीत बसवलेलं लोखंडी कडं, कड्यावर मांडलेल्या तिकोनी कागदी पुड्या, आणि लांबून नेम धरून फेकायची लोखंडी चकती. चकती पुडीवर बसली की धडाका उडतो, अंगणभर धूर होतो, आणि ज्याचा नेम चुकला तो बिअर पाजतो. बोटं गेली म्हणून बाप रडला, पण पोरीने दुसऱ्या महिन्यात उरलेल्या बोटांनी पुन्हा पुड्या वळायला घेतल्या.

माझे सासरे खाली पुलाजवळ तेहोचं अंगण चालवायचे. ओटिलिया तिथे बायकांच्या बाजूला बसून बिअर विकायची आणि पुरुष थकले की पदर खोचल्यासारखा झगा गुडघ्याशी बांधून स्वतः फेकायला उभी राहायची. गावातले म्हातारे अजून सांगतात, तिच्यासमोर पैज लावायला कोणी तयार नसायचं. मग एका रविवारी दोन चकत्या कड्याच्या अगदी जवळ पडल्या. कुणाची जास्त जवळ, यावरून सासरे आणि त्यांचा जिवलग मित्र यांची जुंपली. दोरी लावून मोजलं. मोजणं संपलं, भांडण संपेना. दोघांनी कोयते उपसले तेव्हा ओटिलिया झाडू घेऊन मध्ये पडली आणि ओरडली, "बाहेर जाऊन मरा, माझी पेटी मोडाल." ते बाहेर गेले. थोड्या वेळाने मित्र पळून गेला आणि सासऱ्यांना चौघांनी एक दार काढून त्या दारावर घालून आत आणलं. मान अर्धी तुटली होती.

तिने नवऱ्याला स्वतः आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन अंगणातल्या सगळ्या पेट्या फोडल्या, चकत्या मक्याच्या कणगीत तळाशी टाकल्या आणि वर मका ओतला. त्यानंतर तिने चकतीला हात लावला नाही. पुड्या मात्र वळत राहिली, कारण पोट होतं आणि पोर होतं. आणि घरात एकच कायदा राहिला, तो ती ऊठसूट ऐकवायची. आत काय डोकी फोडायची ती फोडा, फाटकाबाहेर जाऊ नका.

हे ऐकत वाढलेला तिचा मुलगा सेगुंदो, म्हणजे माझा नवरा, अर्धं आयुष्य फाटकाबाहेर काढलेला माणूस. घळीच्या पलीकडे लाउरेआनो एरासो आणि त्याची विधवा आई मेलानिया राहायचे. वरच्या झऱ्यावरून दोन्ही घरांना एकाच नळीने पाणी यायचं, आणि त्या नळीवरून सेगुंदो आणि लाउरेआनो यांच्यात विस्तव जात नव्हता. हा ती नळी कापायचा, तो जोडून आपल्याकडे वळवायचा, मग हा पुन्हा कापायचा. एकदा सेगुंदोच्या कोयत्याने लाउरेआनोच्या कानाचा वरचा तुकडा गेला. दुसऱ्या वेळी सेगुंदोचा खांदा असा उघडला की आतलं पांढरं दिसत होतं, आणि तो मी गोधडी शिवायच्या सुईने शिवला. शनिवारी तो गावात गेला की मी दारात बसून राहायचे. पायांवर येतो की बापासारखा दारावर, एवढंच बघायचं असायचं.

मग तो आजार आला. सरकारने सांगितलं, घरात बसा. आम्ही हसलो, कारण सरकारचं ऐकायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. पण दोन दिवसांनी डोंगरावरची बंडखोर पोरं बंदुका घेऊन खाली आली. मोटरसायकलवर भोंगा बांधून त्यांनी सगळ्या वस्त्यांवर सांगितलं, दुपारनंतर रस्त्यावर जो दिसेल तो मेला म्हणून समजा. तेव्हा कोणी हसलं नाही. आधी त्यांनी दूधवाल्याची गाडी जाळली. नंतर पुलापाशी एक कांदेविक्या गाठला. त्याचं पोतं रस्त्यावर सांडलं होतं आणि तो खड्ड्यात सकाळपर्यंत पडून होता, कारण त्याला उचलायला जायचं तर तेही रस्त्यावरच होतं.

सेगुंदोला घरात कोंडणं म्हणजे बैलाला कोठीघरात बांधणं. त्याने आधी कुत्र्याला लाथ मारली, मग दार उखडलं, मग सूप गार आहे म्हणून वाडगा भिंतीवर मारला. मी उरलेलं सूप भांड्यासकट त्याच्या अंगावर ओतलं. दोन्ही पोरी पलंगाखाली जाऊन बसल्या. सासू चुलीशी बसून म्हणाली, "आजार राहिला बाजूला, तुम्हीच एकमेकांना संपवाल." आणि त्यातच एका सकाळी नळाचं पाणी बंद झालं.

सेगुंदो ओट्यावर बसून दगडावर कोयता घासायला लागला. मला माहीत होतं तो कुठे निघालाय. घळीपलीकडे जायचं तर पुलावरून, आणि पुलावर पोरं. लाउरेआनोने नाही मारला तर पोरं मारणार होती. मी त्याच्या पायाशी बसले, शिव्या दिल्या, रडलेसुद्धा. तो घासतच राहिला.

तेवढ्यात घरात मका ओतल्याचा आवाज आला. सासूने कणगी जमिनीवर रिकामी केली होती. ती बाहेर आली आणि तिने एक गंजलेली चकती सेगुंदोच्या दोन पायांच्या मधोमध टाकली, अशी की फरशीची ठिकरी उडाली.

"कोयता ठेव," ती म्हणाली. "पेटी कर."

काय झालं कोण जाणे, पण त्याने ठेवला. बापाच्या मरणानंतर आईच्या हातात चकती त्याने पहिल्यांदाच पाहिली होती.

कॉफी वाळवायच्या अंगणात आम्ही तेहो मांडला. घळीच्या उतारावरून, फाटकाच्या आतूनच, चिकणमाती खणून आणली. ती तुडवायचं काम मी आणि पोरींनी घेतलं. धाकटीने माझ्या तोंडावर गोळा मारला, मी सेगुंदोच्या पाठीत मारला, त्याने मला उचलून मातीत आडवं केलं. लेइदी, माझी थोरली, केसांपासून पायांपर्यंत लाल झाली होती आणि हसून हसून तिला उचकी लागली. त्या घरात एवढं हसू मी लग्नाच्या दिवशीही ऐकलं नव्हतं. सासू सावलीत बसून मांडीवर पुड्या वळत होती आणि माती नीट तुडवत नाही म्हणून आम्हाला नावं ठेवत होती.

खेळाचा एक नियम तिने केला. फेकण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, ही कुणासाठी. सेगुंदो म्हणायचा, ही लाउरेआनोच्या उरलेल्या कानाला. लेइदीने शाळेतल्या एका मुलीचं नाव घेतलं. मी खुशाल म्हटलं, ही सासूबाईंच्या टाळक्यात, आणि नेमकी पुडी उडाली. सासू एवढी हसली की मांडीवरची बारूद सांडली. मग ती स्वतः उठली. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा फेकली आणि कड्यावरच्या पुड्या एका फटक्यात फुटल्या. कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही.

धडाके ऐकून पोरं आलीच. पाच-सहा जण बंदुका रोखून फाटकाशी उभे राहिले. त्यांचा पुढारी विशीतला, पिंगट केसांचा. सगळे त्याला मोनो म्हणायचे. मी पोरींना मागे ओढलं. सासूने मात्र चकती त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, बंदूक बाजूला ठेवून फेकून दाखव. त्याने फेकली. ती पेटीच्या बाहेर कोंबड्यांत पडली. त्याच्याच माणसांना हसू आवरेना. मोनोचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, आता हा बाईला गोळी घालतो.

"अंगण तुमचं आहे, दोन्या," थोरल्या बाईला मानाने म्हणतात तसं तो शेवटी म्हणाला. "खेळा. रस्ता आमचा आहे. त्यावर मी फेकतो आणि माझा नेम चुकत नाही."

तो गेल्यावर सासू खाली बसली. तिचं तोंड मात्र चालूच होतं. हा म्हणे फेकतो, याला याच्या आईने नाक पुसायला तरी शिकवलंय का, वगैरे.

पुढच्या रविवारी आमची पुडी फुटली तशी घळीच्या पलीकडून हाक आली, "पुचाट!" लाउरेआनो त्याच्या अंगणाच्या कडेला उभा होता. सेगुंदोने त्याच्या आजीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. त्याने सेगुंदोच्या पणजीपर्यंत केला. दुसऱ्या दिवशी हातोड्याच्या आवाजावरूनच कळत होतं की तो आपल्या अंगणात पेटी ठोकतोय. पेटी झाली, माती झाली, चकती त्याच्या बापाची होतीच. बारूद नव्हती.

घळीवर एक जुनी तार होती. तिच्यावर टोपली अडकवून पूर्वी दोन्ही घरं कॉफीची पोती इकडून तिकडे करायची. भांडणानंतर कप्पी गंजून गेली होती. सासूने कप्पीला डुकराची चरबी चोपडली, केळीच्या पानात पुड्या बांधल्या आणि टोपली सोडली. सेगुंदो संतापाने थयथय नाचला. दुश्मनाला बारूद पाठवतेस?

"दोघं आपापल्या अंगणात फोडा," ती म्हणाली. "कान तरी शाबूत राहतील."

असा आमचा कानांनी खेळायचा तेहो सुरू झाला. पलीकडे कोण कसं फेकतंय ते दिसायचं नाही. पुडी फुटली की आवाज यायचा, मागून लाउरेआनोची शिटी यायची, आणि लेइदी त्याच्या वाडग्यात मक्याचा दाणा टाकायची. आमची फुटली की आमच्या वाडग्यात. फसवाफसवीचा प्रश्नच नव्हता. सासू म्हणायची, माणूस खोटं बोलतो, बारूद बोलत नाही.

दुपार झाली की रस्ता ओस पडायचा आणि अंगणं जागी व्हायची. खाली कुठे खऱ्या गोळ्या सुटायच्या, कधी धूर दिसायचा, आणि वर आम्ही एकमेकांना मारून टाकायच्या धमक्या देत खेळत असायचो. टोपली रिकामी कधी यायची नाही. लाउरेआनोने एकदा सेगुंदोसाठी मेलानियाचा जुना परकर पाठवला, फेकतोस तसाच नेसही म्हणून. सेगुंदोने परतीला कोंबडीचं डोकं पाठवलं. माझ्या पोरीच्या वाढदिवसाला तिकडून आमच्याकडे सणाला भाजतात त्या गिनीपिगची तंगडी आली, अजून गरम. एके सकाळी मी नळ उघडला तर पाणी धो धो येत होतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सेगुंदो त्याला पहिल्यांदा कोंपाद्रे म्हणाला, जिवाच्या दोस्ताला म्हणतात तसं, आणि मग लाजून त्याच वाक्यात एक घाण शिवीही जोडली.

सासू दिवसेंदिवस उजळत होती. मला एकदा म्हणाली, तिच्या नवऱ्यालाही घरात असंच कोंडायला हवं होतं. मी म्हटलं, मग तुम्हीच त्यांना 'बाहेर जा' कशाला म्हणालात. बोलून गेले आणि जीभ चावली. तिने पळी उचलली नाही, हेच मला जास्त लागलं.

तो शनिवार होता. लाउरेआनो फार पुढे होता, त्याचा वाडगा भरत आला होता. त्याने शिटी मारून पुड्या मागितल्या. सासूने पुडकं बांधून सेगुंदोच्या हातात दिलं आणि आम्ही माती भिजवायला वळलो. सेगुंदो कडेला गेला, कप्पी करकरली, टोपली गेली. थोड्या वेळाने पलीकडून लाउरेआनो गर्जला, "थांब, येतो तिकडे. नरडंच दाबतो तुझं."

आम्ही लक्ष दिलं नाही. तो रोजच नरडं दाबायचा.

आमचे दोन-तीन डाव झाले. सासूची पाळी आली, ती चकती घेऊन रेघेवर उभी राहिली. तेव्हा पलीकडून एक धडाका झाला. मग लगेच दुसरा आणि तिसरा. सलग तीन, असं महिनाभरात कुणाला जमलं नव्हतं. मी टाळ्या पिटल्या. धाकटी उड्या मारायला लागली. लेइदीने दाणे टाकले. आणि सासू, जिला शत्रूचाही नेम आवडायचा, तिने तोंडाशी हात धरून घळीत आरोळी ठोकली, "शाब्बास, लाउरेआनो. शाब्बास, माझ्या वाघा."

शिटी आली नाही.

सेगुंदो पेटीजवळ उभा होता. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. त्याने सदऱ्यात हात घातला आणि केळीच्या पानाचं पुडकं बाहेर काढलं.

"आई," तो म्हणाला, "पुड्या इथे आहेत. मी त्याला चिडवायला लिंबू पाठवलं."

माझे हात टाळीसाठी वर होते ते तसेच राहिले. मग पुलाच्या बाजूने मेलानियाचं रडणं वर आलं. बाई रडते तसं नव्हतं ते. जनावराला सुरी लागल्यावर जे निघतं ते होतं.

पुढचं फार पटकन झालं. सेगुंदोने छपरात खोचलेला कोयता ओढला आणि फाटकाकडे धावला. माझ्यामुळे गेला तो, माझ्यामुळे, एवढंच बडबडत होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, त्याने कोपर मारून माझा दात पाडला. खाली पुलावर सहा बंदुका होत्या आणि हा एक कोयता घेऊन निघाला होता.

"सेगुंदो," सासूने हाक मारली.

तो थांबला नाही. फाटकाची कडी त्याच्या हातात होती.

"सेगुंदो, बाहेर जाऊ नकोस."

त्याने कडी काढली. रेघेपासून पेटी जेवढी लांब, साधारण तेवढंच लांब फाटक होतं. सासूने हात मागे नेला आणि चकती फेकली. ती त्याच्या गुडघ्यावर मागून बसली. हाड मोडल्याचा आवाज मला अंगणाच्या या टोकाला ऐकू आला. तो फाटकातच कोसळला, डोकं आत, पाय आत, कोयता मात्र उडून रस्त्यावर.

मी सासूवर धावून गेले. तिचे केस ओढले, गालावर नखांनी ओरबाडलं, चेटकीण म्हटलं, पोराला मारणारी म्हटलं. ती मार खात राहिली आणि खात खातच म्हणाली, "आधी कोयता आत घे, नुबिया. मग मार मला."

मी कोयता आत ओढला आणि चुलीत टाकला. तेवढ्यात पोरं आली. मोनो पुढे होता, त्याच्या बुटांवर रक्त होतं. त्याने खाली ओरडत पडलेल्या सेगुंदोकडे पाहिलं, वाकडा वळलेला पाय पाहिला, शेजारची रक्ताळलेली चकती पाहिली.

"याला काय झालं?"

"खेळताना लागलं," सासू म्हणाली. तिच्या गालावरून रक्त ओघळत होतं. "आमचं अंगण आहे."

मग त्याने पायाने फाटक आत ढकलून लावलं आणि ते गेले.

हाड बसवणारा म्हातारा रस्त्यामुळे येऊ शकला नाही. सासूने वेळूच्या कांब्या बांधून पाय स्वतःच बसवला, आणि तो वाकडा बसला. लाउरेआनोला मेलानियाने आणि तिच्या पुतण्याने मिळून पुरलं. शेजारपाजाऱ्यांना जायची परवानगी नव्हती. आम्ही घळीच्या कडेला उभे राहिलो. सासूने ते पुडकं पेटीत मांडलं आणि एकेक पुडी फोडली, सगळ्या संपेपर्यंत. कुणी दाणे टाकले नाहीत. मग तिने चकत्या पुन्हा कणगीत टाकल्या.

सेगुंदो आईशी बोलायचा बंद झाला. तिच्या हातचं जेवायचा, तिने बांधलेली पट्टी बांधून घ्यायचा, पण बोलायचा नाही. मी तिला माफ केलं असं म्हणणार नाही. नवऱ्याला कुबडीवर ओढत परसात न्यायचे तेव्हा तिला शिव्या द्यायचे आणि तो जिवंत आहे म्हणून त्याच दमात देवाचे आभार मानायचे. माझ्या पडलेल्या दाताच्या जागी अजून जीभ जाते.

आईने चकतीने पोराचा पाय मोडला, हे तोवर वस्तीभर झालं होतं. रस्ता मोकळा झाला त्या आठवड्यात मेलानिया आली. पुलावरून, काळा झगा घालून, एकटी. सासू उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाई विचारणार, लिंबू कुणी पाठवलं, आणि आम्ही काय सांगणार. पण तिला ते आधीच माहीत होतं. टोपली तिनेच रिकामी केली होती.

सेगुंदो कुबडी टेकत बाहेर आला. तिला पाहून मान खाली घालून उभा राहिला, शिक्षा मागायला आलेल्या माणसासारखा. मेलानियाने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या पायाकडे बघत होती. त्या मुडपलेल्या गुडघ्याकडे, जमिनीला नीट न टेकणाऱ्या टाचेकडे. मग तिने पुढे होऊन त्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"हसत निघाला तो," ती म्हणाली. "म्हणाला, पुड्या घेऊन आलोच, पोरं आत्ता वरच्या अंगाला आहेत. चकती माझ्याकडे देऊन गेला, आई धर म्हणून. मी हाका मारत राहिले."

सासूने फाटकाकडे पाहिलं.

"फाटकापर्यंत चकती हातात होती माझ्या," मेलानिया म्हणाली. "मला फेकता येत नाही, ओटिलिया."